गोळ्यांचा डबा एकदा पालथा करा

मावशीच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. बिस्किटं कधीच संपली, आता त्यात गोळ्या असतात. रक्तदाबाची पूर्ण पट्टी वर, आणि खाली मेडिकलवाल्यानं कात्रीनं कापून दिलेले तुकडे. तीन गोळ्यांचा तुकडा, दोन गोळ्यांचा तुकडा. कापताना नाव अर्धं गेलेलं, एक्सपायरीची तारीख तर दुसऱ्याच कुणाच्या तुकड्यावर राहिलेली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आम्ही चकलीची भाजणी करायला बसलो होतो. तांदूळ भाजून झाले, हरभऱ्याची डाळ झाली, आणि मावशी झारा हातात धरून थांबली. म्हणाली, "आता काय घालायचं गं?" पन्नास वर्षं न मोजता, न लिहिता भाजणी करणारी बाई. मी उडदाची डाळ पुढे केली. तिनं ती मुकाट्यानं घातली, पण तिचा चेहरा पडला. त्याच आठवड्यात एका रात्री तिला गॅलरीत कुणीतरी उभं दिसलं. वय अठ्ठ्याहत्तर. घरात सगळ्यांनी मनातल्या मनात निदान करून टाकलं.

तिच्या मुलाचा न्यूजर्सीहून फोन आला. त्यानं कुठेशी बातमी वाचली होती की ॲसिडिटीच्या गोळ्यांनी डिमेन्शिया होतो. "आईची ती सकाळची रिकाम्या पोटीची गोळी आजपासून बंद करा." गोळी बंद झाली. चार दिवसांत मावशीची छाती जळायला लागली, गोंधळ मात्र तसाच राहिला. आम्ही चुकीच्या गोळीला धरलं होतं.

अशा बातम्या अधूनमधून येतच राहतात आणि प्रत्येक बातमीनंतर कुठल्यातरी घरात कुणीतरी एखादी गोळी परस्पर बंद करतं. म्हणून आधी त्या बातमीचंच बघू. २०१६ साली जर्मनीत आरोग्यविम्याच्या नोंदींवरून पंचाहत्तरी ओलांडलेल्या सुमारे ७४ हजार लोकांचा अभ्यास झाला. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या जातीच्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांत डिमेन्शिया ४४ टक्के जास्त दिसला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात साडेचार वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त काळ घेणाऱ्यांत ३३ टक्के जास्त दिसला, कमी काळ घेणाऱ्यांत नाही. आणि त्याच वर्षी, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १८ हजारांहून जास्त वृद्धांच्या माहितीत काहीच संबंध दिसला नाही. म्हणजे मामला अजून लटकलेला आहे.

टक्क्यांचंही एक आहे. "४४ टक्के जास्त" ऐकलं की शंभरातल्या चव्वेचाळीस जणांना होणार असं वाटतं. तसं नसतं. समजा एका वयात शंभरातल्या दहांना हा आजार होणार होता, तर चौदा-साडेचौदांना होईल, एवढाच त्याचा अर्थ. आणि तेही गोळीमुळेच, हे कुठे ठरलंय? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसंही असू शकतं. शिवाय उलटा धागाही असतो. मेंदूची झीज विसरण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होते. तेव्हा माणूस विसरत नाही, पण त्याची झोप मोडते, मन उदास होतं, जीव घाबरतो. मग तो डॉक्टरकडे जातो, गोळी सुरू होते, आणि पाच वर्षांनी निदान झाल्यावर आळ गोळीवर येतो.

ॲसिडिटीच्या गोळीबद्दल एक गोष्ट मात्र जास्त भरवशाची आहे. पोटातलं आम्ल वर्षानुवर्षं दाबून ठेवलं की अन्नातलं बी-१२ नीट सुटं होत नाही आणि शरीराला मिळत नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननंही बी-१२ खाली येतं. घर शाकाहारी, दुधाचा चहा सोडला तर दूध नाही, त्यात या दोन्ही गोळ्या दहा वर्षं चालू, हे चित्र आपल्याकडे किती घरांत आहे बघा. बी-१२ कमी पडलं तर मुंग्या येतात, तोल जातो आणि स्मरणही ढिलं पडतं. हे रक्ताच्या एका तपासणीत कळतं आणि वेळेत कळलं तर भरूनही काढता येतं. बातमी वाचून गोळी फेकण्याऐवजी मुलानं ही तपासणी करायला सांगितली असती तर जास्त उपयोग झाला असता.

आता खऱ्या संशयितांकडे येऊ. त्यांची ओळख आपल्याला फार जुनी आहे, फक्त ती औषध म्हणून नाही. महादेवाला वाहतो तो धोतरा. त्याचं बी पोटात गेलं की तोंडाला कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते, आणि माणूस नसलेल्या माणसांशी बोलायला लागतो. धोतऱ्यातली ॲट्रोपिन, स्कोपोलामिन ही द्रव्यं शरीरातल्या ॲसिटिलकोलीन नावाच्या निरोप्याची वाट अडवतात. हा निरोप्या लाळ सोडायला सांगतो, आतडी हलवतो, मूत्राशय आवळतो, आणि मेंदूत लक्ष देणं, नवं शिकणं, आठवणं ही कामं त्याच्याकडेच असतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहुली मोठी करायला थेंब घालतात, तेही याच कुळातले.

अल्झायमरमध्ये मेंदूतला हाच निरोप्या कमी होत जातो. म्हणून त्यावरचं डोनेपेझिलसारखं औषध तो टिकवून धरायला दिलं जातं. मग त्याच निरोप्याची वाट अडवणारी औषधं म्हाताऱ्या मेंदूला वर्षानुवर्षं देत राहिलं तर काय होईल, ही शंका यायलाच हवी होती, आणि ती आली.

या कुळाला डॉक्टर ॲन्टिकोलिनर्जिक म्हणतात. मी आपलं घरगुती नाव ठेवलंय, सुकवणाऱ्या गोळ्या. कारण बहुतेकींनी तोंड सुकतं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, जे चिठ्ठीवर सीपीएम म्हणून येतं. खाजेवरचं हायड्रॉक्सिझीन आणि फेनिरामाइन. खोकल्याच्या कितीतरी औषधांतलं डायफेनहायड्रामीन. प्रवासात ओकारी होऊ नये म्हणून दिलेलं प्रोमेथाझिन. पोटातल्या कळेवरचं डायसायक्लोमीन. लघवीची घाई थांबवणारी ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडीन, सोलिफेनासीन. हातपाय थरथरतात म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल. आणि ॲमिट्रिप्टिलीन, जे मुळात नैराश्यावरचं, पण आज मुंग्या, नसांचं दुखणं, डोकेदुखी, झोप अशा कारणांनी दहा मिलिग्रॅममध्ये घरोघरी पोचलेलं आहे.

मावशीचा डबा आम्ही शेवटी वर्तमानपत्रावर पालथा केला. त्यात यातली पाच निघाली. हायड्रॉक्सिझीन त्वचेच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी दहा दिवसांसाठी दिलेलं. खाज गेली, पण झोप छान लागते म्हणून गोळी राहिली. ॲमिट्रिप्टिलीन हाडांच्या डॉक्टरांचं. ऑक्सिब्युटिनिन आणखी एका डॉक्टरांचं. पोटात मुरडा आला की डायसायक्लोमीन, शिंका आल्या की सीपीएम असलेली सर्दीची गोळी, ही दोन्ही आपली आपण मेडिकलमधून आणलेली. एकही डॉक्टर चुकला नव्हता. प्रत्येकानं समोरची तक्रार बघून ठीकच गोळी दिली होती. बेरीज मात्र कुणी केली नव्हती, आणि ती करणारं माणूस आपल्या व्यवस्थेत बहुधा नसतंच. पूर्वी फॅमिली डॉक्टर असायचे, त्यांना सगळं ठाऊक असायचं. आता गुडघ्याचे वेगळे, पोटाचे वेगळे.

२०१५ साली सिएटलमध्ये ६५ वर्षांवरच्या ३,४३४ जणांवर सरासरी सात वर्षं लक्ष ठेवून अभ्यास झाला. त्यातल्या ७९७ जणांना डिमेन्शिया झाला. ज्यांनी अशी औषधं तीन वर्षांहून जास्त काळ रोज घेतल्याइतकी साठवली होती, त्यांचा धोका अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा ५४ टक्के जास्त निघाला. रोज घेतल्याइतकी म्हणजे किती? सीपीएमची चार मिलिग्रॅमची गोळी, किंवा ऑक्सिब्युटिनिनची पाचची, रोज एक. फार नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ५९ हजार रुग्णांच्या नोंदींतही मोठ्या साठ्याला जवळपास तेवढाच, म्हणजे ४९ टक्के जास्त धोका दिसला. पण तिथे एक फरक पुढे आला. लघवीच्या, नैराश्याच्या, पार्किन्सनच्या गोळ्यांत संबंध दिसला, तर सर्दी-खाजेच्या आणि पोटातल्या कळेच्या गोळ्यांत तसा दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या आणखी एका ब्रिटिश अभ्यासात तर निदानाच्या पंधरा-वीस वर्षं आधी घेतलेल्या गोळ्यांशीही संबंध लागला, म्हणजे उलट्या धाग्यानं सगळंच उलगडत नाही.

माझं मत विचाराल तर, वीस वर्षांनंतरच्या धोक्याचा वाद संशोधकांना घालू द्या. घरातल्या माणसानं आजच्या धुक्याकडे बघावं, कारण त्याबद्दल वाद नाही. या गोळ्यांनी वयस्क माणूस आजच्या आज गोंधळतो, सुस्तावतो, पडतो, त्याची लघवी तुंबते. आणि हे धुकं बऱ्याचदा विरतं. अमेरिकेतले वृद्धांचे डॉक्टर मार्क बिअर्स यांनी १९९१ साली म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती आजही त्यांच्याच नावानं चालते आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारली गेली. वर सांगितलेल्यांपैकी बरीच नावं त्या यादीत आहेत.

एक बारीक खूण सांगते. आजी-आजोबांची जीभ बोलताना टाळ्याला चिकटते का, कवळी अचानक सैल वाटायला लागली का, आणि इसबगोलाचा डबा महिन्याऐवजी पंधरवड्यात संपतो का, हे बघा. तिन्ही एकदम असेल तर गोळ्यांची पिशवी उघडायची वेळ झाली. मावशीच्या उशाशी दोन तांबे भरलेले असायचे. आम्हाला ते उन्हाळ्यामुळे वाटायचं.

झोपेच्या गोळ्यांचं प्रकरण वेगळं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम. २०१४ मध्ये कॅनडातल्या क्यूबेकच्या अभ्यासात तीन महिन्यांहून जास्त घेणाऱ्यांत अल्झायमरचा धोका ५१ टक्के जास्त दिसला आणि मोठा गाजावाजा झाला. दोन वर्षांनी सिएटलच्याच गटानं ही औषधं तपासली, तर सगळ्यात जास्त घेणाऱ्यांत धोका वाढलेला आढळला नाही. पण पडण्याचं काय? रात्री अडीचला बाथरूमला उठलेलं माणूस गोळीच्या गुंगीत ओल्या फरशीवर घसरतं, खुब्याचं हाड मोडतं, आणि त्यानंतरचे सहा महिने मेंदूलाही महागात पडतात. हे कुठल्याही टक्केवारीपेक्षा मला जास्त भिववतं. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ही आपल्याकडे अनुसूची एच-१ मधली औषधं आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. तरी 'नेहमीच्या गिऱ्हाइकाला' ती कशी मिळतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

परदेशात मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी एक सूचना. अमेरिकेत दुकानाच्या फळीवर उघडी मिळणारी, नावामागे 'पीएम' लावलेली दुखण्याची गोळी साधी पॅरासिटामॉल नसते. त्यातलं झोप आणणारं औषध बहुधा डायफेनहायड्रामीन असतं, म्हणजे आपलं सुकवणारं कूळ. विमानाच्या थकव्यावर म्हणून मुलं कौतुकानं देतात, आणि येताना दोनशे गोळ्यांची बाटली बॅगेत येते.

मला सगळ्यात चिडवणारा प्रकार म्हणजे एका गोळीचा त्रास निस्तरायला दुसरी गोळी. आपल्याकडे याची दोन नेहमीची उदाहरणं आहेत. चक्कर येते म्हणून सिनारिझिन चालू होतं आणि वर्षभर बंदच होत नाही. किंवा ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइडची जोड असते आणि ती कॅप्सूल 'गॅसची' म्हणून रोज घेतली जाते. दोन्हींनी वयस्कांत हातपाय थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं असं हुबेहूब पार्किन्सनसारखं होऊ शकतं. मग पार्किन्सन समजून ट्रायहेक्सिफेनिडिल मिळतं, आणि त्यानं विसरभोळेपणा सुरू होतो. मग स्मरणाची गोळी. तिसरी साखळी अल्झायमरच्या रुग्णांत दिसते. डोनेपेझिलनं लघवीची घाई वाढली की ती थांबवायला ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं. एक गोळी निरोप्याला आत ढकलते, दुसरी दार लावून घेते, आणि पैसे दोन्हींचे जातात. म्हणून नवी तक्रार सुरू झाली की पहिला प्रश्न हा विचारायचा, की महिना-दोन महिन्यांत कुठली गोळी नव्यानं लागली किंवा वाढली?

आणि गोंधळ काही तासांत, एक-दोन दिवसांत अचानक उभा राहिला, माणूस वातात बरळल्यासारखं बोलू लागलं, तर त्याला म्हातारपण म्हणून घरी ठेवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीचा संसर्ग असू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, त्यानं रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. किंवा साखर उतरलेली असू शकते. एकादशीला उपास आणि ग्लिमेपिराइड मात्र नेहमीप्रमाणे, हे आपल्या घरांतलं ठरलेलं समीकरण आहे. चातुर्मास सुरू व्हायच्या आधी मधुमेहाच्या डॉक्टरांना उपासाचे दिवस सांगून ठेवा.

हे सगळं वाचून गोळ्या म्हणजेच वाईट असं वाटत असेल तर तेही खोटं. मेंदूला सांभाळणाऱ्याही गोळ्या आहेत, आणि त्यात रक्तदाबाची गोळी पहिली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नऊ हजारांवर लोकांच्या एका चाचणीचे निकाल आले. वरचा रक्तदाब १४० च्या आत ठेवण्याऐवजी १२० च्या आत ठेवलेल्या गटात डिमेन्शियाच्या आधीची विस्मरणाची अवस्था १९ टक्क्यांनी कमी निघाली. आपल्या वयाला १२० झेपेल का, हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचं. उभं राहताना चक्कर येत असेल तर नाहीच. लॅन्सेटच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता किंवा लांबवता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल, न ऐकू येणं ही सगळी आहेत. त्यामुळे 'गोळ्यांनी डोकं बिघडतं' म्हणून मावशीनं कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची गोळी बंद केली असती तर तो उलटाच व्यवहार झाला असता.

तर डबा पालथा करायचा कसा? एका निवांत दुपारी वर्तमानपत्र अंथरा आणि घरातलं सगळं आणा. फ्रिजवरचं, उशाशी ठेवलेलं, पर्समधलं, देवघराच्या खणातलं. खोकल्याच्या बाटल्या, डोळ्यांचे थेंब, चूर्णं, काढे, शेजारणीनं दिलेली गुडघ्याची 'आयुर्वेदिक' पुडी, सगळं. वहीत प्रत्येकापुढे लिहा की कशासाठी, कुणी दिलं, कधीपासून, किती दिवसांसाठी सांगितलं होतं. शेवटच्या रकान्यातच गंमत असते. ब्रँडचं नाव नाही, त्याखाली बारीक अक्षरात असलेलं औषधाचं नाव उतरवा. तीच गोळी दोन ब्रँडनी दोनदा चालू असल्याचं इथेच सापडतं. अक्षर दिसत नसेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठं करा. नाव कापलेला तुकडा असेल तर तो वापरूच नका, आणि पुढच्या वेळी मेडिकलमध्ये नावाकडची बाजू मागून घ्या.

ही वही आणि पिशवी एकाच डॉक्टरकडे न्या, ज्याच्याकडे सगळं एकत्र बघायची तयारी आहे. संध्याकाळच्या गर्दीत नको. आधी सांगून वेळ घ्या. "ही गोळी अजून लागते का, लागत असेल तर कमी मात्रेत चालेल का, आणि हिच्या जागी मेंदूत कमी जाणारी दुसरी आहे का," एवढं विचारा. बऱ्याचदा असते. सर्दी-खाजेला फेक्सोफेनाडीन किंवा लोराटाडीन. लघवीच्या घाईला आधी ठरावीक वेळी जाण्याची सवय आणि ओटीपोटाचे व्यायाम, मग लागलंच तर रक्तदाब बघून मिराबेग्रॉन. डॉक्टरांना राग येईल का, ही भीती आपल्या पिढीला फार. मी तर म्हणेन, वही बघून वैतागणाऱ्या डॉक्टरपेक्षा वही बघून चष्मा लावणारा डॉक्टर शोधा. क्यूबेकमध्ये एक प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१४ मध्ये आले. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या ३०३ वृद्धांपैकी काहींना फक्त एक छापील पुस्तिका पाठवली, ज्यात धोके आणि गोळी हळूहळू कशी सोडायची हे साध्या भाषेत होतं. सहा महिन्यांत पुस्तिका मिळालेल्यांतल्या २७ टक्क्यांनी गोळी सोडली, न मिळालेल्यांतल्या ५ टक्क्यांनी. माहिती रुग्णाच्या हातात पडली, एवढ्यानंच.

पण 'हळूहळू' हा शब्द अधोरेखित करा. क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं घेऊन एका रात्रीत सोडलं तर झटके येऊ शकतात. ॲमिट्रिप्टिलीन, पार्किन्सनच्या गोळ्या एकदम सोडल्या तरी त्रास होतो. ॲसिडिटीची गोळी झटक्यात थांबवली की आम्ल उसळून येतं, मावशीचं तेच झालं होतं. आणि ज्यांना पूर्वी अल्सर झालाय आणि ॲस्पिरिन चालू आहे, त्यांनी तर तिला हातच लावू नये.

मावशीच्या डॉक्टरांनी एका वेळी एकच गोळी कमी केली, दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवून. आधी हायड्रॉक्सिझीन गेलं, मग लघवीची गोळी बदलली, ॲमिट्रिप्टिलीन सगळ्यात शेवटी. तपासणीत बी-१२ ही तळाला निघालं. त्याची इंजेक्शनं झाली. गॅलरीतलं माणूस पुन्हा दिसलं नाही. दोन तांब्यांचा एक तांब्या झाला. स्मरण पूर्ण पूर्वीसारखं झालं का? नाही. ती अजूनही नावं चुकते, आणि न्यूरॉलॉजिस्ट दर सहा महिन्यांनी तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावतात. पण गेल्या दिवाळीत भाजणीची यादी तिनं सांगितली आणि मी लिहून घेतली, धने-जिऱ्यांच्या मापासकट.

बंद झालेली गोळी वहीत तारखेसह खोडा आणि तिची उरलेली पट्टी त्याच दिवशी घराबाहेर काढा. राहिली, तर झोप न येणाऱ्या एखाद्या रात्री हात पुन्हा त्याच डब्यात जातो.